तारवाली आणि मेलेलं खेचर

तारवाली खांबावर चढली की गल्लीतली अर्धी माणसं मान वर करून उभी राहतात. उरलेली अर्धी घरात बसून "वीज आली का, आली का" म्हणून ओरडत असतात. ती सहसा कोणाला उत्तर देत नाही. कमरेचा पट्टा खांबाला अडकवते, पकड दातात धरते आणि दोन्ही हात मोकळे करून कामाला लागते. एकदा लाँड्रीवाल्याने खालून विचारलं, "अगं, अजून किती वेळ? माझी इस्त्री थंड पडली." वरून उत्तर आलं, "मग ती घेऊन वर या, इथे तापवून देते." त्या दिवसापासून लाँड्रीवाला खालून बोलत नाही.

आमच्या वीजकचेरीत खांबावर चढणारी ती पहिली बाई. पंचविशीची, खांद्याने रुंद, बोलायला मोजकी. वादळात तार तुटली की साहेब आधी तिला हाक मारतात, कारण ती घाई करत नाही. ती म्हणते, "घाई करणारा वायरमन छान दिसतो. भिंतीवरच्या फोटोत."

तारवाली हे नाव तिला नोकरीने दिलं. त्याआधी तिला दुसरं नाव होतं, आणि ते आम्ही गल्लीवाल्यांनी दिलेलं होतं. विषवाल्याची पोर. सांगायला तोंड वर होत नाही, पण ते गाळलं तर पुढचं काही कळायचं नाही.

तिचा बाप टेकू. तरुणपणी लाकूडतोड्या होता. उतारावरून एक ओंडका सुटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. सुताराने लाकडाचा पाय करून दिला, लोकांनी टेकू हे नाव दिलं, आणि त्याने दोन्ही घेतली. रोज सकाळी तो त्या पायाला तेल चोळायचा. "खऱ्या पायाला कधी चोळलं नाही, म्हणून रुसून गेला," असं वर म्हणायचा. झाडं तोडायचं संपलं तसा तो जंगलात जाणाऱ्या तुकड्यांचा स्वयंपाकी झाला, आणि तिथे त्याचा हात असा बसला की बोलायची सोय नाही. दिवसभर भिजलेली, एकमेकांवर वैतागलेली माणसं त्याच्या पातेल्याभोवती बसली की भांडण विसरायची. त्याचं तिखटही जिभेवर असं अलगद उतरायचं की माणूस डोळे पुसत दुसऱ्यांदा ताट पुढे करायचा. स्वयंपाकात मात्र तो कोणाचं ऐकायचा नाही. मीठ जास्त झालंय असं कोणी म्हटलं तर म्हणायचा, "जीभ तपासून घे."

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोर तेव्हा सहा वर्षांची. जंगलखात्याची एक तुकडी डोंगरावर झाडांचे घेर मोजायला गेली. चार माणसं: एक मोजणीदार, दोन लाकूडतोडे आणि स्वयंपाकाला टेकू. बरोबर एक कुत्रा, सामान वाहायला एक खेचर. चौथ्या दिवशी संध्याकाळी उतरायचे होते, उतरले नाहीत. डोंगरावर गडगडाट रोजचाच, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी माणसं शोधायला गेली.

वरच्या मोकळ्या जागेत मोजणीदार आणि दोन्ही लाकूडतोडे मरून पडले होते. अंगावर जखम नाही, रक्त नाही, कपडा फाटलेला नाही. पाठपिशव्या भरून ठेवलेल्या. कुत्राही मेलेला. आणि टेकू तिथेच एका खोक्यावर बसलेला, हातात घासणी, शेजारी पातेलं. पातेलं घासून लख्ख.

"काय झालं?" लोकांनी विचारलं. त्याने कान पुढे केला. मोठ्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "पातेलं घासायला बसलो, एवढं आठवतं."

आता यात कोडं कसलं, असं आम्हाला वाटलं. जेवण करून तीन माणसं मेली, उष्टं खाऊन कुत्रा मेला, करणारा तेवढा जिवंत, आणि पातेलं धुऊन पुसून तयार. वर म्हणतो आठवत नाही. सहा वर्षांचं पोरही याहून बरं खोटं बोलतं. इस्पितळात प्रेतं तपासली, पोटातलं मोठ्या शहरात पाठवलं. विष सापडलं नाही असा कागद आला. आम्ही म्हटलं, जंगलातला पाला असेल, त्यांच्या यंत्राला काय कळतंय. कोणी म्हटलं डोंगरच झपाटलेला आहे, आणि टेकूने त्याच्याशी संधान बांधलंय. कोर्टाने पुराव्याअभावी सोडलं. फाइलीवर शेरा पडला: मृत्यूचं कारण अज्ञात. कोर्टाने सोडलं, पण गल्लीने सोडलं नाही.

टेकू दारात बसून सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागला. गिऱ्हाईक यायचं, कारण धार चांगली लावायचा. पण त्याच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही. हातात सुरी असलेल्या टेकूची आम्हाला भीती नव्हती. पेला घेतलेल्या टेकूची होती. अक्कल अशी कधी कधी चरायला जाते आणि एकोणीस वर्षं परत येत नाही.

शाळेत पोरीच्या डब्याला कोणी हात लावायचं नाही. एकदा एका मुलीने तिच्या डब्यातला पाव खाल्ला, तर त्या मुलीच्या आईने तिला घरी नेऊन ओकायला लावलं. दुसऱ्या दिवशी पोर डबा उघडून एकटीच सावकाश जेवली, सगळ्यांच्या समोर, शेवटच्या तुकड्याने डबा पुसून. तिचा स्वभाव तिथेच घडला असावा.

घरात मात्र खरी शिक्षा वेगळीच होती. टेकूने त्या दिवसापासून चुलीला हात लावला नाही. एकदाही नाही. चहासुद्धा नाही. स्वयंपाक आईकडे आला, आणि आईच्या स्वयंपाकाबद्दल थोडक्यात सांगायचं तर ती पोत्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती आणि जेवणही त्याच हाताने करायची. भात लागलेला, भाजी कच्ची, आणि दोन्हींची चव एक. तिला ते ठाऊक होतं.

"गपचूप गिळा," ती म्हणायची. "इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन जगलात. तुमच्यावर विष चालत नाही हे त्या कोर्टाला एवढ्यावरूनच कळायला हवं होतं."

टेकू हसायचा. पण आईला ताप आला तरी तो उठायचा नाही. पोर आठ वर्षांची असताना तिने एकदा हट्ट धरला, "बाबा, तुम्ही करा ना काहीतरी. नुसते बटाटे उकडा." तो धार लावायचं चाक फिरवत राहिला. म्हणाला, "ते हात गेले."

पोरीने ते लक्षात ठेवलं. लोकांनी बापाला काय म्हणावं याची तिला फारशी फिकीर नव्हती. लोकांच्या तोंडाला कोण फडकं बांधणार? तिला खुपत होतं ते वेगळं. बापाला स्वतःलाच खात्री नव्हती.

मोठी झाल्यावर ती वीजकचेरीत लागली. तीन महिन्यांचं शिक्षण होतं. शिकवायला एक जुने वायरमन होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. पहिल्याच दिवशी हात वर करून म्हणाले, "दोन बोटं वीजकचेरीला दिली. तुम्ही एकही देऊ नका, ठेवायला जागा नाही."

एका सकाळी उस्तादांनी मागच्या अंगणात खडूने एक टिंब काढलं आणि त्याच्याभोवती एकात एक अशी वर्तुळं.

"इथे तार तुटून पडली," टिंबावर काठी टेकवून ते म्हणाले. "तुम्ही इथे उभे. कसे पळाल?"

एक उमेदवार लांब ढांगा टाकत पळून दाखवू लागला.

"मेलास," उस्ताद म्हणाले. "ये, परत उभा राहा. अरे, वीज जमिनीत उतरली की तळ्यात दगड टाकल्यासारखी पसरते. जवळ जोर जास्त, लांब कमी. तुझा एक पाय जास्त जोराच्या जागी, दुसरा कमी जोराच्या. मग ती एका पायाने वर चढते, दुसऱ्याने खाली उतरते. ढांग जेवढी लांब, तेवढा झटका मोठा. म्हणून पाय जोडून घ्यायचे आणि बेडकासारख्या उड्या मारत बाहेर यायचं. दिसायला वेडगळ दिसतं. पण मेलेला माणूस काही देखणा दिसत नाही."

मग सगळ्यांना अंगणात उड्या मारायला लावल्या. हसून हसून पोटं दुखली. दम खाताना उस्ताद म्हणाले, "आकाशातल्या विजेचंही असंच. झाडावर पडली म्हणजे झाडाखालचाच मरतो असं नाही. वीस पावलांवरची गाय मरते. अंगावर ओरखडा नसतो. गाईचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत अंतर किती, आणि मधे काय? काळीज. माणूस वाचतो तिथे गाय मरते."

तारवाली उड्या मारायची थांबली होती. तिने विचारलं, "माणसाला एकच पाय असेल तर?"

"तर त्याला वायरमन करून टाकायचा," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे फिसकन हसले.

उस्ताद हसले नाहीत. "एकच पाय टेकलेला असेल तर चढलेल्या विजेला उतरायला वाट नाही. वाचायची शक्यता जास्त."

"आणि दुसरा लाकडाचा असेल तर?"

"ओला की कोरडा?"

"कोरडा. तेल लावलेला."

उस्तादांनी काठी भिंतीला लावून ठेवली. "बाकीचे जेवायला जा," ते म्हणाले. "आणि तू इकडे ये. कोणाबद्दल बोलतेस?"

तिने सगळं सांगितलं. उस्तादांनी ऐकून घेतलं, तीन बोटांनी हनुवटी खाजवली. "तिथे उंच झाड होतं?"

"जंगलच ते, झाडं नसतील तर काय खांब असतील?"

"तोंड चालवू नकोस. मला पटतंय, पण मला पटून काय उपयोग? अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. कागद बघ. आणि एक विचार बापाला. त्या दिवसापासून कानाने कमी ऐकू येतं का?"

तारवालीला घरी जाऊन विचारायची गरज नव्हती. टेकूचा डावा कान त्या दिवसापासून गेला होता. ऐकू न येण्याचं सोंग करतो, असं आम्ही म्हणायचो.

"विषाने कानाचा पडदा फाटत नाही," उस्ताद म्हणाले. "जवळ वीज कडाडली तर फाटतो. आणि आठवणही जाते. मला बोटं गेल्याचं आठवतं, पण त्याच्या आधीचा अर्धा तास अजून परत मिळालेला नाही."

तिने घरी चकार शब्द काढला नाही. रजा टाकून फाइल ठेवली होती त्या कचेरीत गेली. तिथला कारकून भला माणूस होता. गठ्ठा शोधायला त्याला तीन खेपा लागल्या, पण आणला. तिथेच खिडकीशी उभी राहून तिने इस्पितळातल्या तपासणीचा कागद वाचला. अंगावर इजा नाही, इजा नाही, इजा नाही. आणि खाली एक ओळ: "तिन्ही मृतांच्या तळव्यांवर बारीक फोड. नव्या बुटांमुळे असावेत."

नवे बूट फक्त मोजणीदाराचे होते. लाकूडतोड्यांचे बूट किती जुने ते गल्लीतल्या कोणीही सांगितलं असतं, एकाच्या बुटातून तर अंगठा बाहेर डोकवायचा. पण गल्लीला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर गल्लीने विषाचीच गोष्ट सांगितली असती.

फाइलीत कुत्र्याची नोंद होती. शेवटच्या पानापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की खेचर कुठेच नाही.

संध्याकाळी तिने बापाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुमच्याबरोबर खेचर होतं ना? त्याचं काय झालं?"

टेकूने चाक थांबवलं. "हो की गं. खाली गवतात बांधलं होतं. त्याचं काय झालं ते मला कोणी सांगितलंच नाही. पळालं असेल. का?"

"सहज."

"सहज कोणी खेचराची चौकशी करत नाही," आई आतून म्हणाली.

खेचर भाड्याचं होतं. माणसं मेली की पोलीस आणि इस्पितळ, जनावर मेलं की जनावरांचा दवाखाना. दोन्ही इमारती नदीच्या दोन काठांवर, आणि या काठाच्या फाइलीने त्या काठाची फाइल कधी पाहिलेली नव्हती. तारवाली जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथे एक तरुण डॉक्टरीण एका मांजराला पकडून औषध पाजत होती, म्हणजे मांजर तिला पकडून होतं.

"एकोणीस वर्षांपूर्वीचं मेलेलं खेचर?" डॉक्टरीण म्हणाली. "एवढी तातडी कशाची?"

"माझ्या बापाचा साक्षीदार आहे."

डॉक्टरणीने मांजर खाली सोडलं. कपाटातल्या जुन्या वह्या दोघींनी मिळून काढल्या. झुरळं पळाली, धूळ उडाली, आणि चौथ्या वहीत पान सापडलं. तपकिरी खेचर, वय नऊ. डोंगरावर तुकडीच्या तळापासून बावीस पावलं खाली, दोरीला बांधलेलं, मृत. नाकातून रक्त. पुढच्या मागच्या चारही पायांना, नालांच्या खिळ्यांभोवती खूर करपलेले. कारण: अपघाती. खाली जुन्या डॉक्टरांची सही.

"करपलेले," डॉक्टरीण मोठ्याने वाचून म्हणाली. "लोखंडाचे नाल आहेत ना, वीज तिथूनच चढली असणार. मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. यांनी हे कोणाला सांगितलं नाही?"

"त्यांना कोणी विचारलं नसेल," तारवाली म्हणाली. तिला खुर्ची हवी होती, पण तिथे फक्त मांजराची टोपली होती. तिने ती बाजूला सारून जमिनीवरच बसकण मारली.

पुढच्या रविवारी ती आणि उस्ताद डोंगरावर जाऊन आले. उस्तादांचं वय झालेलं, दर वळणावर थांबून ते डोंगराला नावं ठेवत होते. मोकळ्या जागेच्या कडेला एक उंच झाड होतं. त्याच्या सालीत शेंड्यापासून मुळापर्यंत एक लांब व्रण उतरला होता, दोन्ही बाजूंनी साल जाड होऊन ओठांसारखी मिटत आलेली. झाड हिरवंगार होतं. जगणारी झाडं अशी जखम गिळून टाकतात, आणि खालून जाणाऱ्याला वाटतं इथे काही झालंच नाही. उस्तादांनी झाडापासून जागेच्या मध्यापर्यंत पावलं मोजली. अठरा.

त्या दुपारी स्वयंपाकघरात तिने बापासमोर सगळं मांडलं. वर्तुळं काढायला खडू नव्हता, म्हणून आईच्या कणकेच्या डब्यातून चिमूट घेऊन फरशीवर काढली.

"पुसून टाकायचं हं ते," आई म्हणाली, पण स्वतःही वाकून बघू लागली.

टेकूने पुरतं ऐकलं. मग मान हलवली. "माझ्या समाधानासाठी जुळवून आणलंस तू. चांगली पोर आहेस."

"जुळवून नाही आणलं."

"तुला एक ठाऊक नाही." तो फरशीकडे बघत बोलत होता. "त्या दिवशी वर जाताना वाटेत मी एक पाला तोडला. वासाचा. दर वर्षी तोडायचो, कालवणात टाकायचो. त्या वर्षी घाईत होतो. तोच पाला होता की दुसरा, मला आठवत नाही. कोर्टात कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मी सगळ्यांच्या नंतर जेवायचो, माझ्या वाटणीला तळाचं थोडंसं यायचं. म्हणून मी वाचलो असेन."

आई उभी होती ती बसली. एकोणीस वर्षं एका अंथरुणावर झोपून हे तिलाही ठाऊक नव्हतं. "अहो," ती म्हणाली.

तारवालीने विचारलं, "बाबा, खेचर काय खायचं?"

"गवत. आणि मूठभर चणे, मी चोरून द्यायचो."

"खेचराने तुमचं कालवण खाल्लं होतं?"

"वेडी का काय तू? खेचर कालवण..."

तो तिथेच थांबला. तिने वहीच्या त्या पानाची नक्कल त्याच्यासमोर धरली. त्याला लांबचं वाचता येत नव्हतं, त्याने कागद नाकाजवळ नेला. चारही पायांचे खूर, हे शब्द त्याने बोट ठेवून दोनदा वाचले.

"ते मेलं होतं?" तो म्हणाला. "मला वाटायचं पळालं. मला वाटायचं, चला, एक तरी सुटलं." मग कागद खाली ठेवून म्हणाला, "आणि मी का राहिलो?"

"तुम्ही कशावर बसला होतात?"

"भांड्यांच्या खोक्यावर. लाकडाच्या."

"आणि जमिनीला टेकलेले जिवंत पाय किती?"

टेकूने आपल्या दोन्ही पायांकडे आळीपाळीने पाहिलं. मग लाकडी पायावर बुक्की मारली, ठाक करून आवाज आला. "हरामखोरा," तो पायाला म्हणाला. "आणि इतकी वर्षं गप्प बसलास!" तो हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करू लागला, तेव्हा आईने त्याच्या तोंडाला आपला पदर लावला आणि म्हणाली, "पुरे. फरशी भिजेल, कणीक चिकटेल."

उस्ताद, डॉक्टरीण आणि इस्पितळातले सध्याचे मोठे डॉक्टर या तिघांनी सह्या करून अर्ज दिला. सात महिने लागले. फाइलीवर नवा शेरा पडला: "झाडावर वीज पडून जमिनीतून बसलेल्या धक्क्याने मृत्यू, बहुधा."

"बहुधा कशाला?" आई भडकली. "खेचर काय बहुधा मेलं?"

"वहिनी, तिथे आपण कोणी उभे नव्हतो," उस्तादांनी समजावलं. "जेवढं कळलं तेवढं लिहायचं. विष म्हणणाऱ्यांनी बहुधा म्हटलं असतं, तर एवढी वर्षं वाया गेली नसती."

आम्ही गल्लीवाल्यांनी विषाची गोष्ट सांगायची सोडली. काहींनी आपल्याला आधीपासूनच शंका होती असं सांगायला सुरुवात केली. लाँड्रीवाला एकटा सरळ टेकूच्या दारात गेला, पाणी मागितलं, उभ्यानेच दोन पेले प्यायला आणि परत आला. पण टेकू चुलीजवळ जाईना. पोर रोज बघायची. तो चाक फिरवायचा, आईचं जेवण गिळायचा, आणि म्हणायचा, "बघू."

तारवालीला कळलं की एक घर राहिलंय. दोन गल्ल्या पलीकडे मोजणीदाराची बायको राहायची. शिवणयंत्र दुरुस्त करायची, एकटीच. मोजणीदार टेकूला धाकट्या भावासारखा वागवायचा, ती टेकूला भाऊजी म्हणायची. त्या दिवसानंतर टेकू समोरून आला की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. शिवी नाही, शाप नाही, फक्त रस्ता ओलांडायची. टेकूला तेच सगळ्यांत जास्त लागलेलं होतं.

तारवाली कागद घेऊन तिच्याकडे गेली. काकूंच्या समोर एक यंत्र उघडं पडलं होतं, हाताला काळं तेल. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद वाचला. फोडांची ओळ वाचली. खेचराचं पान वाचलं. मग चष्मा काढला.

"मला एकच सांग," त्या म्हणाल्या. "त्यांना कळलं का?"

"नाही, काकू. मान वळवायच्याही आत झालं असणार. आवाजसुद्धा ऐकू आला नसेल."

"तडफडले नाहीत?"

"नाही."

काकूंनी यंत्राचं एक चाक उचललं, परत ठेवलं. "विष म्हटलं की माणूस तडफडतो ना गं," त्या म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षं त्यांना तडफडताना बघतेय. रोज." मग त्या उठल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि चप्पल पायात घातली. "चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी. मला भूक लागली आहे."

टेकू दारातच बसला होता. काकू समोरून येताना दिसल्या, तेव्हा सवयीने त्याने मान खाली घातली, त्यांना रस्ता ओलांडायला बरं पडावं म्हणून. पावलं जवळ आली आणि त्याच्या चाकासमोर थांबली.

"भाऊजी," काकू त्याच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाल्या, "जेवायला आलेय. आणि तुमच्या बायकोच्या हातचं खाणार नाही. मी ऐकलंय त्याबद्दल."

"आता सगळ्या गावाला ठाऊक आहे वाटतं," आई आतून म्हणाली.

टेकू उठला. ठक ठक करत चुलीपाशी गेला आणि तिथे नुसता उभा राहिला. तारवालीने कांदे पुढे सरकवले. त्याने सुरी घेतली. धार त्याचीच होती, पण पहिला कांदा वेडावाकडा चिरला गेला, दुसरा बरा, तिसरा जुन्यासारखा. मग त्याने आईला चुलीजवळून हाकललं. मग मुलीला हाकललं. मग डबे हुंगून कोणता मसाला जुना झालाय त्यावरून आईशी भांडण काढलं. तासाभराने पातेलं उतरलं.

काकूंनी पहिला घास घेतला. टेकू पळी हातात धरून बघत होता. त्या सावकाश चावत राहिल्या.

"मीठ जास्त झालंय," काकू म्हणाल्या.

"होणार नाही."

"झालंय, भाऊजी. चाखून बघा."

"मी चाखलंय. जीभ तपासून घ्या, वहिनी."

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही. सवय तुमची गेलीय. बटाटा आहे का घरात?" काकू ताटावरून उठल्या, टोपलीतून बटाटा काढला, त्याच्या हातातून सुरी घेतली आणि पातेल्यात डोकावून बघत फोडी करू लागल्या.

"एवढ्या मोठ्या नको," टेकू ओरडला. "शिजायला उद्या उजाडेल. बारीक करा, बारीक!"